परिशिष्टवाले खासनीस

खासनीसांनी माझ्या जाऊबाईंच्या पर्सला भिंग लावलं ते भर लग्नात. पिरंगुटच्या कार्यालयात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगत बसायची वाट बघत आम्ही बायका खुर्च्यांवर टेकलो होतो. जाऊबाई पुण्याहून येताना सापाच्या कातडीची पर्स घेऊन आल्या होत्या आणि ती सगळ्यांना दिसेल अशी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आमचे भाडेकरू खासनीस त्यांच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसले, खिशातून भिंग काढलं आणि पर्सच्या कडेचे खवले बघायला लागले. जाऊबाई आता ओरडणार, एवढ्यात खासनीस उठले, पँटचे गुडघे झटकले आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घाबरू नका. रेक्झिन आहे."

त्या दिवसापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. या उपकाराबद्दल मी खासनीसांचं दोन महिन्यांचं लाइटबिल घेतलं नाही.

आमची भुकूमला रस्त्याला लागून नर्सरी आहे. पूर्वी तिथे आमचं भाताचं खाचर होतं. आता आजूबाजूला इमारती झाल्या आणि राहिलेल्या तुकड्यात मी गुलाब, जास्वंद, शोभेची झाडं विकते. मागे घर, घरावर दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. खासनीसांच्या आधी तिथे आयटीतली पोरं राहायची. ती रात्रभर जागायची आणि सकाळी पाण्याची मोटर चालू ठेवून झोपायची. त्यामुळे एजंटने सांगितलं की एक निवृत्त सरकारी साहेब आहेत, एकटे, लग्न न केलेले, शांत, सामान काहीच नाही, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. यातलं सामानाचं तेवढं खोटं निघालं. टेम्पोतून एक पलंग, एक शेगडी आणि दोन खुर्च्या उतरल्या, आणि त्यांच्यामागून जाडजूड फायलींचे खोके जे उतरायला लागले ते थांबेचनात. शेवटी आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, स्लॅब पेलतोय का ते बघायला खालून छताकडे टक लावून उभे राहिले.

ते सगळे खोके ओळखपुस्तिकांचे होते. ही काय भानगड आहे ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. खासनीसांनी पहिल्याच आठवड्यात, मी विचारलेलं नसताना, ते मला समजावून सांगितलं. जगातल्या देशांनी मिळून एक करार केलेला आहे. जे प्राणी आणि जी झाडं संपत चाललीत त्यांना एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं-आणायचं तर त्याला नियम आहेत. नियम करणारे नियम करून घरी जातात. पण विमानतळावर जो माणूस पेटी उघडतो त्याला समोरचं कासव कुठल्या जातीचं, ही कातडी कुणाची, हे लाकूड रक्तचंदनाचं की रंग दिलेलं, हे कळायला नको का? त्यासाठी या पुस्तिका. पानापानावर चित्रं, चोचीचे रंग, पाठीवरच्या नक्ष्या, आडव्या कापलेल्या लाकडातली बारीक छिद्रं. खासनीसांची सगळी नोकरी सीमाशुल्क खात्यात अशा पेट्या उघडण्यात गेली. बाकीच्यांनी सोनं पकडलं आणि बढत्या घेतल्या. यांनी समुद्रघोडे पकडले.

आता निवृत्तीनंतर ते मराठीतली ओळखपुस्तिका लिहीत होते. वनरक्षक, पोलीस, पार्सल तपासणारे, अशांसाठी. "इंग्रजीत सगळं आहे हो वहिनी," ते म्हणाले, "पण पेटी उघडणारा माणूस घाबरतो मराठीत."

त्या करारात तीन परिशिष्टं आहेत आणि खासनीसांनी सगळं जग त्या तिन्हीत बसवलेलं होतं. परिशिष्ट एक म्हणजे पार संपायला आलेलं, त्याचा व्यापार करायचाच नाही. परिशिष्ट दोन म्हणजे परवाना असेल तर चालेल. परिशिष्ट तीन म्हणजे एखाद्या देशाने विनंती केली की बाबांनो, आमच्याकडचं हे जरा सांभाळा. माझ्या सासूबाईंनी, आमच्यात त्यांना आत्याबाई म्हणतात, घातलेलं करवंदाचं लोणचं खासनीसांनी पहिल्या बोटालाच परिशिष्ट एकमध्ये टाकलं आणि बरणी बाहेर कुणाला द्यायची नाही असं मला बजावलं. आमचे मालक परिशिष्ट दोन. ते घराबाहेर पडायला माझी परवानगी घेतात हे खासनीसांनी बरोबर हेरलं होतं. मी कुठे आहे असं मी एकदा विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "तुमच्याबद्दल अजून कुणी विनंती केलेली नाही."

बोलण्यात त्यांचं एक पालुपद होतं. "अंदाज सांगू नका, खूण सांगा." भाजीवाल्याने मटार गोड आहे म्हटलं की हे म्हणायचे, खूण सांगा. मालक आकाशाकडे बघून दुपारनंतर पाऊस येणार म्हणाले की, अंदाज नको, खूण. मी एकदा वैतागून म्हटलं, तुम्ही आमच्या डोक्याला ताप झालात, त्याची खूण सांगू का? तर ते खरंच उत्सुकतेने माझ्याकडे बघत थांबले.

नर्सरीत तर त्यांनी मला जेरीस आणलं. माझ्याकडचे सायकस, ऑर्किड, निवडुंग त्यांनी एकेक करून उपसून बघितले. रानातून उपटून आणलेलं झाड आणि कुंडीत वाढवलेलं झाड मुळांवरून ओळखू येतं म्हणे. त्यात माझी सगळी झाडं निर्दोष सुटली. मग त्यांनी प्रत्येक कुंडीला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, "कृत्रिमरीत्या वाढवलेले". मी कपाळाला हात लावला. पण डोंगराकडच्या बंगल्यांतून येणारी मंडळी ती चिठ्ठी वाचायची, एकमेकांकडे बघायची आणि मुकाट्याने कुंडी गाडीत ठेवायची. त्या वर्षी सायकस मला पुरले नाहीत.

आणि हत्ताजोडीचं तर सांगायलाच हवं. मालकांनी जत्रेत एका जडीबुटीवाल्याकडून हत्ताजोडी आणली होती. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी एक मुळी असते, ती घरात ठेवली की धंद्याला बरकत येते, असं त्यांना पटवून दिलं होतं. देव्हाऱ्यात शेंदूर लावून ती ठेवलेली, आणि हे रोज आंघोळ झाली की तिला हळदकुंकू वाहायचे. खासनीस एकदा प्रसादाला आले, त्यांचं लक्ष गेलं आणि ते जागच्या जागी थांबले. मालकांना बाजूला घेऊन त्यांनी कानात सांगितलं की ही मुळी नसते. ही घोरपडीची असते. घोरपडीचं काय, ते मालकांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही. दोन दिवसांनी सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. नराचा जो अवयव देव्हाऱ्यात कुणीही ठेवणार नाही, तो.

मालकांचं तोंड पांढरं पडलं होतं. एक म्हणजे कायद्याने तुरुंग, दुसरं म्हणजे इतके महिने वाहिलेलं हळदकुंकू. खासनीसांनी गॅसवर सुई तापवली, त्या वस्तूला टोचली आणि वास घेतला. मग मालकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. प्लास्टिक आहे." मालकांना आनंद व्हावा की दुःख, ते आजतागायत कळलेलं नाही.

पण खासनीसांची खरी गाठ पडायची होती ती आमच्या राघूशी.

आमच्या घरी ओट्यावर पिंजऱ्यात एक पोपट होता. कितीतरी वर्षांपासून. माझे सासरे, मामंजी, त्यांनी पौडच्या बाजारातून पिल्लू असताना आणलेला. आत्याबाईंचं नाव पार्वती. पण मामंजींच्या काळात घरात वडीलधारी माणसं होती, त्यांच्यादेखत बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. "अगं", "ऐकलं का", एवढ्यावर त्यांचा संसार झाला. मग मामंजींनी काय करावं? गोठ्यात बसून महिनाभर त्या राघूला शिकवलं. आणि एके दिवशी सगळं घर जेवायला बसलेलं असताना राघू ओट्यावरून खणखणीत आवाजात ओरडला, "पारू." थोरल्या सासूबाईंच्या, म्हणजे मामंजींच्या आईच्या, हातातली पळी खाली पडली म्हणतात. पोपटाला कोण काय बोलणार? मामंजी गेले, थोरली माणसं त्याआधीच गेली, माहेरचंही कुणी राहिलं नाही. आत्याबाईंना नावाने हाक मारणारा जगात एक राघूच उरला होता. आमच्यासाठी त्या आत्याबाई, गावासाठी म्हातारी.

खासनीसांनी राहायला आल्या दिवशीच ती हाक वरून ऐकली आणि भिंग घेऊन खाली आले. मी मनात म्हटलं, गेलं आता. पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे एवढं मलाही माहीत होतं, पण गावात अर्ध्या घरांत पोपट असायचे आणि कुणी काही बोलायचं नाही. खासनीसांनी राघूला समोरून, मागून, खालून बघितलं. मानेभोवतीचा गुलाबी पट्टा बघितला. मग खुर्ची मागवून बसले आणि म्हणाले की प्रकरण गुंतागुंतीचं आहे. जगातले झाडून सगळे पोपट त्या करारात आहेत, मोजके सोडून, आणि त्या मोजक्यांत नेमका हा आहे. हा मुबलक आहे म्हणून त्याला सूट. तेव्हा आंतरराष्ट्रीय दृष्टीने राघू निर्दोष. राहिला आपल्या देशाचा कायदा, त्यात बंदी आहे, पण तो देशांतर्गत विषय झाला. "आणि मी," खासनीस चष्मा पुसत म्हणाले, "सगळी हयात सरहद्दीवर काम केलेला माणूस. हे माझ्या अखत्यारीत येत नाही."

असला पळपुटा युक्तिवाद त्यांच्या तोंडून पुन्हा मी कधी ऐकला नाही. पण तेव्हा मला तो फार आवडला.

त्यानंतर रोज चहाच्या वेळी ते खाली यायचे. पाहणी, असं त्याला नाव होतं. आत्याबाई ओट्याच्या एका टोकाला लसूण सोलत, खासनीस दुसऱ्या टोकाला खुर्चीवर, मध्ये राघू. आत्याबाईंना कमी ऐकू येतं आणि खासनीस, निकाल द्यायचा नसेल तेव्हा, पुटपुटल्यासारखे बोलतात, त्यामुळे त्या दोघांचं छान जमलं. खासनीस शहामृगाच्या अंड्याबद्दल सांगायचे आणि आत्याबाई भाताच्या आवणी-लावणीबद्दल.

काही महिन्यांनी राघू एक नवीन शब्द बोलायला लागला. "बाळू." सकाळी उठला की पारू, आणि मग लगेच बाळू. आमच्या घरात बाळू नाही, शेजारी नाही, नर्सरीतल्या कामगारांतही नाही. मालकांना वाटलं मी कुणाला तरी हाक मारते, मला वाटलं हे मारतात, आणि त्यावरून आमचं एक छोटंसं भांडणही झालं. खासनीसांना विचारलं तर ते एकदम गडबडले. ध्वनी-चाचणी आहे म्हणाले. जातीनुसार उच्चारात फरक पडतो, त्याच्या नोंदी चालू आहेत. ओठांनी म्हणायचं अक्षर पोपट कसं काढतो, वगैरे.

आत्याबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्येंचंच नाव आसंल. हितं कोन हाक मारतंय त्येंना?"

खासनीसांनी नाही म्हटलं नाही. थोड्या वेळाने आपणहून सांगितलं. त्यांना एक थोरली बहीण होती, अक्का. आई लहानपणीच गेली, तिनेच यांना वाढवलं. ती त्यांना बाळू म्हणायची, साहेब झाल्यावरही, शिपायांसमोरसुद्धा. यांना लाज वाटायची. ती जाऊन काही वर्षं झाली. नोकरीत खासनीस, बँकेत खासनीस, आमच्याकडे खासनीस. "हाकेची सवय जाते, पण कानाला वाट बघायची सवय राहते," असं काहीसं ते म्हणाले आणि चहा तसाच टाकून वर गेले. मी कप विसळताना उगाचच जोरजोरात घासत राहिले. त्या माणसाला आपण इतके दिवस हसलो, आणि त्याने एका पोपटाला लाच देऊन स्वतःला हाक मारायला लावलं, हे काही मला सहन होईना.

मग पौडला एक शिबिर झालं. नव्या वनरक्षकांना ओळखपुस्तिका कशी वापरायची ते शिकवायला खासनीसांना बोलावलं होतं. आठवडाभर आधीपासून ते इस्त्री करत होते. शिबिर झकास झालं असणार, कारण संध्याकाळी आणायला गेलेले मालक सांगत होते की पोरं साहेबांना सोडायला तयार नव्हती. पण खासनीस गाडीत गप्प होते. एका वनरक्षक मुलीने शेवटी त्यांना विचारलं होतं की साहेब, करारात सूट असलेला साधा पोपट कुणाच्या घरी पिंजऱ्यात दिसला तर काय करायचं? खासनीसांनी फळ्यावर कायदा लिहून दिला. आणि मग त्या मुलीने विचारलं की घर ओळखीचं असेल तर?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आले. खुर्चीवर बसले नाहीत, ओट्याच्या पायरीवर बसले. "आत्याबाई," ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, "राघू द्यावा लागेल."

आत्याबाईंना नीट ऐकू गेलं. पण आधी बोलले आमचे मालक. आमच्या वडिलांची आठवण आहे ती, तुम्ही कोण सांगणारे, असं त्यांनी सुरू केलं आणि खोली सोडा इथपर्यंत आले. मालक असे तापलेले मी फार कमी वेळा बघितलेत. खासनीस म्हणाले, खोली सोडतो, पण राघू द्यावा लागेल. पौडच्या पुढे पक्ष्यांचं एक केंद्र आहे, तिथे पंखांत बळ आणतात आणि मग सोडतात. इतके दिवस मी गप्प बसलो ती माझी चूक.

"पर का?" आत्याबाईंनी विचारलं. "त्याला हितं काय कमी हाय?"

तेव्हा खासनीसांनी त्यांना एका पेटीची गोष्ट सांगितली. नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांतली. विमानतळावर एका माणसाच्या पेटीत पायमोजे निघाले, गाठी मारलेले. प्रत्येक पायमोज्यात पोपटाचं एक पिल्लू, पंख हलू नयेत म्हणून कोंबलेलं. अंगावर धड पिसं नाहीत. जात कुठली ते नोंदल्याशिवाय पुढचं काही करता येत नव्हतं, आणि पुस्तिकेत चित्रं मोठ्या पक्ष्यांची, पिल्लांची नव्हती. "मी पानं उलटत राहिलो," खासनीस म्हणाले. "मला ओळख पटेपर्यंत निम्मी गेली होती. बाजारात एक पोपट आला ना आत्याबाई, की त्याच्यामागे अशी पेटी असतेच."

राघू पेरू खात होता. आत्याबाईंनी लसणाची सुपली बाजूला ठेवली.

"ह्येंनी आणला तवा टोपल्यात लई व्हती," त्या म्हणाल्या. "येकावर येक. ह्यो तेवडा मान वर करून बगत व्हता, म्हून ह्यो घेतला. बाकीच्यांचं काय झालं, मी कवा इचारलंच न्हाई." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "न्या. पर पिंजरा तुमीच उचला. माझ्यानं व्हनार न्हाई."

खासनीस पिंजरा मांडीवर ठेवून राघूला रिक्षाने घेऊन गेले. संध्याकाळी रिकामा पिंजरा घेऊन परत आले आणि पायरीवर बसले ते बराच वेळ उठेनात. मालकांचा राग एव्हाना उतरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं की पायात कडं घातलंत ना? कारण ते आम्हाला सगळ्यांनाच पाठ झालं होतं. जिवंत प्राणी ताब्यात द्यायचा तर आधी खूण करायची. पक्ष्याच्या पायात नंबराचं कडं, कासवाच्या पाठीवर रंग. खूण केल्याशिवाय खासनीसांनी हयातीत एक बेडूकही कुणाच्या हवाली केला नव्हता. शिबिरात अख्खा एक तास त्यांनी त्यावरच घालवला होता.

खासनीसांनी खिशात हात घातला. कडं खिशातच होतं. "विसरलो," ते म्हणाले.

खोली सोडायचा विषय कुणी काढला नाही. फक्त चहाच्या वेळी ओटा सुना पडायला लागला. खासनीस खाली येईनात, पाहणी कशाची करणार? वर त्यांच्या खोलीत पानं उलटल्याचाही आवाज नसायचा. आत्याबाईंनी दुपारी लवकर पडायला सुरुवात केली. मला वाटायचं, कायदा बरोबर आहे, पेटीही खरी आहे, मग माझ्या घरात दोन माणसं अशी का झाली?

मग रविवारी खासनीस पौडच्या बसने केंद्रावर जायला लागले. आणि परत आले की ओट्यावर येऊन आत्याबाईंना बातमी द्यायची. राघू आता या टोकापासून त्या टोकापर्यंत उडतो. मिरची खातो. वजन वाढलंय. एका दुसऱ्या पोपटाशी त्याचं पटत नाही. आत्याबाई रविवारी सकाळपासूनच बसच्या वेळा विचारायच्या. आठवड्याभरातलं त्यांचं बोलणं त्या अर्ध्या तासात व्हायचं.

एका रविवारी मला पौडच्या पुढे धरणाच्या वाटेवरच्या एका बंगल्यावर रोपं पोचवायची होती. मी खासनीसांना म्हटलं, बसने कशाला, टेम्पोतून चला, मलाही राघू बघू द्या. ते नको नको म्हणत होते. मी ऐकते होय?

केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याला जाळीचं एक मोठं आवार. आत झाडं, आणि झाडांवर पोपट. थोडेथोडके नाहीत, कुठून कुठून सोडवून आणलेले, सगळे हिरवेगार. निम्म्यांच्या मानेला तोच गुलाबी पट्टा. आम्ही जाळीपाशी गेलो तसा एकच कल्ला झाला. खासनीस नेहमीच्या जागी उभे राहावेत तसे एका खांबापाशी उभे राहिले.

"ह्यातला आपला कुठला?" मी विचारलं.

त्यांनी जाळीत बोटं अडकवली आणि जाळीकडे बघतच बोलले. "माहीत नाही, वहिनी. पहिल्या रविवारी वाटलं होतं, तो फांदीवरचा. मग वाटलं, नाही, खालचा. पिसं झडली, नवी आली. बोलतही नाही कुणी, इतक्या आवाजात कुठला बोलणार? मी पारू म्हणून हाक मारतो, तर सगळेच ओरडतात." पुढे म्हणाले, "मी पुस्तिकांत सगळीकडे शोधलं. जात कशी ओळखायची ते सगळं आहे. त्यातला आपला कुठला, ते कुठेच दिलेलं नाही. कुणाला लागलंच नसेल ते."

मग म्हणाले, आत्याबाईंना सांगू नका.

मला त्यांचा भयंकर राग आला. शिस्तीचा एवढा मोठा माणूस, एक कडं घालता आलं नाही. आणि त्याच वेळी मला कळत होतं की ते विसरले नव्हतेच. राघूच्या पायाला नंबर घालायला त्यांचा हात उचलला नव्हता. मी पदर डोळ्यांना लावला आणि टेम्पोत जाऊन बसले. ते आणखी बराच वेळ त्या खांबापाशी उभे होते.

घरी आलो तर आत्याबाई ओट्यावर बसलेल्या. मी आत जाऊन चहा टाकला आणि दाराशी थांबले. खासनीसांनी पायरीवर बसून बातमी दिली. राघू बरा आहे, पंख भरलेत, येत्या थंडीत सोडतील बहुतेक. आत्याबाई ऐकत होत्या. मग त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"माजं नाव घेतो का अजून?"

चुकीच्या कागदावर सही करायची नाही म्हणून ज्यांनी बढत्या घालवल्या, ते खासनीस क्षणभरही थांबले नाहीत. "घेतो," ते म्हणाले. "मी गेलो की पहिलं तेच."

आत्याबाई हसल्या. मग त्यांच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "आन् तुमचं?"

इथेही घेतो म्हणायला काय हरकत होती? कोण बघायला जाणार होतं? खासनीसांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, ओट्याच्या फरशीकडे बघितलं.

"माझं नाही घेत," ते म्हणाले.

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले. आत्याबाईंनी माझ्या हातातला एक कप घेतला आणि आपल्या शेजारी, जिथे पिंजरा असायचा तिथे ठेवला.

"बाळू," त्या म्हणाल्या, "हितं वर येऊन बस. च्या निवतोय."